गाळलेलं तेल

जेवायला बसण्याआधी मी अजूनही बोटं हुंगतो. हात साबणाने धुतलेले असतात, नखं कापलेली असतात, दुकानात तेलाला हात लावायला आता माणसं आहेत. तरी ताट समोर आलं की उजवा हात आधी नाकाकडे जातो आणि मग भाताकडे. बायको चिडते. "पाहुण्यांसमोर तरी नका हो असं करू, त्यांना वाटतं मी काहीतरी नासकं वाढलंय." तिचं बरोबर आहे. पण तो वास कातडीत नाही, नाकात बसलाय. जळकं, ओशट, थोडं गोडसर असं काहीतरी. उन्हाळ्यात हलवायाच्या दुकानामागून गेलं की अजून मी नाक दाबतो, आणि याला कारण एक कढई आहे. तिच्याबद्दल लिहायचं म्हणजे आधी घराबद्दल लिहायला हवं, कारण त्या कढईचा वास मी रोज घरी घेऊन यायचो.

घर म्हणजे अक्काचं. सख्खी नव्हे, चुलत. दिल्लीत सरोजिनी नगरातल्या सरकारी क्वार्टरमध्ये दोन खोल्या, पुढे गॅलरी आणि मागे एक बंदिस्त व्हरांडा. दाजी कस्तुरबा गांधी मार्गावरच्या एका सरकारी कचेरीत कारकून होते. मी नववीत शाळा सोडली, वडील अंथरुणाला खिळले होते, आणि अक्का सुट्टीला गावी आली तेव्हा आईने मला तिच्या बॅगांबरोबरच गाडीत बसवलं. तिने नाही म्हटलं नाही. एवढ्या एका गोष्टीसाठी मी जन्मभर तिच्या पाया पडलो तरी कमीच आहे. पण तेव्हा त्या उपकाराची मला सारखी धास्तीच वाटायची. सकाळी जाग आली की पहिला विचार यायचा: आज काय चुकलं की मला परत पाठवतील? गॅलरीखाली स्कूटरला किका मारल्याचे आवाज, पलीकडे बाजारात कपड्यांचे ढीग मांडणाऱ्यांचं ओरडणं, शेजारच्या मिश्राइनच्या कुकरच्या शिट्ट्या. आणि मी डोळे मिटून अक्काच्या पावलांवरून तिचा राग ओळखायचा प्रयत्न करतोय, अशी सकाळ. ती रागावलेली नसायचीच फारशी. तरी मी पडल्या पडल्या अंदाज बांधत असायचो.

जेवायला मी मागच्या व्हरांड्यात बसायचो. कोणी बसवलं नव्हतं, आपणहून. झालं असं की एकदा रविवारी अक्काने भाकरी केली. गावाकडून कोणी आलं तरच ज्वारीचं पीठ मिळायचं, म्हणून त्या भाकरीचं फार अप्रूप. लसणाची चटणी, वांग्याचं भरीत, ताटात कांदा. मी पहिला घास मोडला आणि अक्काची चार वर्षांची पिंकी नाक धरून म्हणाली, "मम्मी, मामाचे हाथ बदबू मारतात!" तिचं मराठी तसलंच होतं, निम्मं शाळेतलं. दाजी हसले. अक्का म्हणाली, "चुप बस गं, कामाचा वास आहे तो." पण वास होताच. मी रॉकेलने, राखेने, कपड्याच्या साबणाने हात घासून आलो होतो, तरी भाकरीच्या प्रत्येक घासाला जळक्या तेलाची चव. ती भाकरी मी संपवली कशी ते मला ठाऊक. दुसऱ्या दिवसापासून चमचा घेतला आणि व्हरांड्यात गेलो.

मी कामाला होतो ते गॅरेज दिल्लीतल्याच मुनिरका गावात होतं. खाली गॅरेज, वर भाड्याच्या खोल्या, त्यांत शिकणारी पोरं. मालकांना सगळे उस्ताद म्हणत. अंगाने आडवे, मिशा पांढऱ्या, आवाज तुपात घोळलेला. "बेटा"शिवाय हाक नाही. मी मराठी म्हणून मला "मराठे" म्हणायचे, आणि लाडात आले की "मराठे बेटा". काम शिकवलं त्यांनीच. पहिल्या थंडीत मी सदऱ्यावर कुडकुडताना पाहून त्यांनी घरातून एक तपकिरी जर्सी आणली, त्यांच्या बायकोने मुलासाठी विणलेली आणि त्याला आखूड झालेली. स्वतःच्या हाताने माझ्या डोक्यातून घातली. मला कावीळ झाली तेव्हा स्कूटरवर बसवून डॉक्टरकडे नेलं आणि बाहेर बाकावर बसून राहिले. हे सगळं मी विसरलेलो नाही. विसरता आलं असतं तर पुढचं सोपं गेलं असतं.

आता कढई. जवळचा एक हलवाई धंदा बंद करून गेला, त्याची मोठी लोखंडी कढई उस्तादांनी उचलून आणली होती. कडांना जळक्या साखरेचा थर तसाच. गाड्यांतून काढलेलं सगळं तेल त्या कढईत जायचं: इंजिनाचं काळं, गिअरचं घट्ट, ब्रेकचं पिवळट. त्यात माशा पडायच्या, विड्यांची थोटकं पडायची, एकदा चिमणीचं पीस आठवडाभर तरंगत होतं. उन्हात ती कढई तापली की साखर आणि तेल मिळून जो वास सुटायचा तो मी सुरुवातीला सांगितलाच. दर काही दिवसांनी ते तेल जुन्या परकराच्या फडक्यातून गाळायचं आणि फडकं पिळायचं, हे काम माझं. पिळताना बोटांच्या फटींतून काळी जेली बाहेर यायची, कोमट, लिबलिबीत. गाळलेलं तेल टेम्पोच्या कमान्यांना, म्हणजे चाकांवरच्या स्प्रिंगच्या पट्ट्यांना, मारायला जातं, असं मला सांगितलं होतं. कढईशेजारीच चहाचे ग्लास ठेवलेले असत.

आणि उस्तादांची ती सवय. गाडीत कुठलंही नवं तेल ओतायच्या आधी ते डब्यात बोट बुडवायचे, अंगठ्यावर घासायचे, हुंगायचे, आणि मग जिभेला लावायचे. डोळे मिटून, एखाद्या गवयासारखे. मग बाजूला पचकन् थुंकून म्हणायचे, "असली." गिऱ्हाइकं खूश. मुनिरका ते वसंत विहार त्यांची ख्याती होती की हा माणूस तेल जिभेवर पारखतो. जिभेला खरंच काय कळायचं, देव जाणे. माझ्या मते काही कळत नसे. पण गिऱ्हाइकाच्या गाडीत जाणारं ते स्वतःच्या तोंडात घालतात, या गोष्टीचा प्रभाव मोठा होता. मला मात्र ते बघितलं की शिसारी यायची. त्याच बोटाने ते पुढे समोसा मोडायचे.

या गॅरेजात मला लावलं साळवेबाईंनी. आमच्याच ब्लॉकमध्ये खालच्या मजल्यावर त्या एकट्या राहायच्या. मूळच्या नगरकडच्या, ख्रिस्ती, दर रविवारी पांढरी साडी नेसून प्रार्थनेला जाणाऱ्या. सरकारी खात्यात परदेशी भाषेतले कागद इंग्रजीत आणायचं त्यांचं काम. लहानपणी पोलिओने त्यांचा डावा हात वाळला होता. खांद्यापासून सैल लोंबणारा, बोटं जेमतेम मिटणारी. आणि तरी त्या स्वतः गाडी चालवायच्या. हे कसं, ते समजून घेण्यासारखं आहे. आपल्या गाड्यांत गिअर डाव्या हाताला. तो त्यांना जमणं शक्य नव्हतं. मग एका वकिलातीने जुन्या गाड्या विकायला काढल्या तेव्हा बाईंनी त्यातली एक घेतली, डाव्या बाजूला स्टिअरिंग असलेली. म्हणजे गिअर आला उजव्या, धडधाकट हाताला. आणि गिअर बदलताना स्टिअरिंगचं चाक त्या वाळलेल्या डाव्या हातात राहायचं, ते एका बोटाने फिरायचं, कारण त्या गाडीला पॉवर स्टिअरिंग होतं. अशी गाडी तेव्हा दिल्लीत शोधून सापडायची. बाई म्हणायच्या, "बाळू, सगळ्या जगाने माझ्यासाठी उलटी करून ठेवलेली गाडी आहे ही." बसमध्ये एका हाताने लोंबकळत त्यांनी पंधरा-वीस वर्षं काढली होती. आता त्या थंडीच्या सकाळी काच खाली करून, गळ्याला मफलर बांधून, एकट्या कचेरीला जायच्या. तेवढं एक सुख होतं त्यांना.

त्या गाडीचा स्टिअरिंगचा पाइप फुटला आणि तेल सगळं रस्त्यावर गेलं. पाइप आम्ही बदलला. पण तेल कोणतं घालायचं? स्टिअरिंगच्या तेलाच्या टाकीच्या टोपणावर परक्या भाषेत कोरलेलं होतं, ते बाईंनीच वाचून सांगितलं: यात फक्त हिरवं तेल घालायचं, लाल घालू नये. बाजारात लाल सगळीकडे मिळायचं, हिरवं कोणी पाहिलेलं नव्हतं. उस्ताद म्हणाले, "मैडम, तेल तो तेल होता है, लाल क्या, हरा क्या." बाई म्हणाल्या, "नहीं उस्तादजी. ग़लत तेल से रबर फूल जाएगा, और मोड़ पर चाक अड़ गया तो मेरे पास दूसरा हाथ नहीं है." इतकं स्पष्ट. उस्तादांनी छातीवर हात ठेवला. "तो हरा ही आएगा. सीधा विलायत से मँगवाऊँगा. और डब्बा आपके सामने खुलेगा."

(आज माझं फरिदाबादला तेलाचं आणि सुट्या भागांचं दुकान आहे. गिऱ्हाईक येतं, "भाईसाहब, स्टिअरिंग का तेल दे दो, कोई-सा भी." मी विचारतो गाडी कोणती, टोपणावर काय लिहिलंय, जुनं तेल कोणत्या रंगाचं होतं. त्यावर माणसं असा चेहरा करतात जणू मी त्यांची जात विचारली. लाखोंची गाडी, आणि कोई-सा भी. तेव्हा मला त्यांच्या तोंडाकडे बघवत नाही, मी मागे वळून फळीवरचे डबे नीट लावत बसतो.)

मध्ये होळी आली. गॅरेजातली होळी पाण्याची नसते. पक्का हिरवा रंग येतो पुडीत, तो जळक्या तेलात कालवायचा आणि त्या लगद्याने एकमेकांची तोंडं माखायची. धुऊन जाऊ नये हाच त्यातला आनंद. मला दोघांनी धरलं आणि तिसऱ्याने तोंडावर, कानात, दातांवर चोळलं. दिवसभर थुंकलो तरी थुंकी हिरवी. तेलात तो रंग मळकट, काळपट दिसायचा. ओल्या जिभेला लागला की मात्र पोपटासारखा खुलायचा. पिंकी मला बघून टाळ्या पिटत होती, "मामा मेंढक झाला!" बेडूक हा शब्द तिला येत नव्हता. अक्काने बेसन लावून तोंड घासलं, तरी उजवा कान कितीतरी दिवस हिरवाच राहिला.

होळीनंतर एका दुपारी उस्तादांनी मला गाळलेलं तेल आणायला सांगितलं. मी विचारलं, कोणाचा टेम्पो आलाय? ते म्हणाले, "टेम्पो नहीं, तू ला तो सही." मी आणलं. त्यांनी त्यात थोडं नवं पातळ तेल मिसळलं, मग होळीची उरलेली पुडी फोडली आणि लाकडाने ढवळायला लागले. मला वाटलं गंमत चाललीय. मग आतून एक परदेशी छाप असलेला रिकामा डबा निघाला. कुठून मिळवला होता कोण जाणे. तेल त्यात भरलं, तोंडाला पत्र्याची चकती बसवून कथलाचा डाग दिला, कानशीने घासून गुळगुळीत केलं. इतकं निगुतीने, की चांगल्या कामाला त्यातलं निम्मं लक्ष दिलं असतं तरी पुरे. डबा तासभर तसाच राहिला तेव्हा मी उचलून तिरका केला, आत काहीतरी वाळूसारखं सरकलं. रंग तळाशी बसत होता.

"उस्ताद, यह पंप में फँसेगा," मी म्हणालो.

"हिला के डालना, बेटा." आणि माझ्या गालावर त्यांनी प्रेमाने चापट मारली. त्यांच्या बोटांचा ओशटपणा गालाला लागला तसा मी मागच्या गल्लीत गेलो आणि पोटात होतं नव्हतं ते ओकून टाकलं. तेल तर रोजच पिळत होतो. चापट प्रेमाची होती म्हणून ओकलो.

घरी दाजी बनियनवर बसून कचेरीचे बूट पॉलिश करत होते. मी सगळं सांगितलं. ते ऐकता ऐकता ब्रश थांबवायचे, पुन्हा फिरवायचे.

"तू ओततोयस का ते?"

"मलाच ओतायला सांगणार."

"मग मालकाने सांगितलं म्हणून ओतलं. यात तुझं काय? आमच्या सेक्शनमध्ये मी रोज साहेबाच्या चुकांवर सही करतो यार."

"दाजी, बाईंचा हात—"

"अच्छा, आणि तुझा हात? आजारात कोणी नेलं तुला डॉक्टरकडे? मी नेलं का? मला सुट्टी नव्हती. त्या माणसाने नेलं. उद्या तुला काढलं तर मी तुला दुसरीकडे कुठे चिकटवू? गावी पाठवू?"

अक्का पोळ्या लाटत होती. लाटणं थांबलं. मग पुन्हा सुरू झालं. दाजी वाईट माणूस नव्हते. घाबरलेले होते, माझ्यासारखेच. पण त्यांचं बोलणं ऐकताना मला त्या कढईचा वास येत होता. उपकार गाळून गाळून ते मला परत पाजत होते, आणि मी मान हलवत होतो.

सकाळी बाई रिक्षाने आल्या. उस्ताद नवा सदरा घालून तयार. "आइए मैडम, आइए! आपका माल जहाज़ से उतर के आया है. सील देख लीजिए." बाईंनी चष्मा वर करून डबा पाहिला, छाप वाचली, आणि त्यांचा चेहरा असा खुलला की माझ्याने बघवेना. माझ्याकडे वळून मराठीत म्हणाल्या, "आलं बाई एकदाचं! बसच्या धक्क्यांनी खांदा निखळायचा बाकी होता रे."

"मराठे, खोल. पहले हिला ले ज़रा," उस्ताद म्हणाले.

मी डबा हलवला, चकती फोडली. नरसाळं टाकीत लावलं. समोर चहावाला, एक टेम्पोवाला, वरच्या खोल्यांतली दोन-तीन पोरं उभी. उस्ताद कमरेवर हात ठेवून. बोट बुडवायला पुढे आले नाहीत. मी वाट बघत होतो, खरंच वाट बघत होतो. ते आले असते तर कदाचित मी स्वतःची समजूत घातली असती. ते आले नाहीत. मी तब्येत विचारावी तशा आवाजात, हसून, मराठीत म्हणालो, "बाई, उस्तादांना चाखायला सांगा."

"क्या कह रहा है?" उस्ताद.

बाई क्षणभर माझ्याकडे बघत राहिल्या. मग माझ्या हिरव्या कानाकडे. मग डब्यात.

"कुछ नहीं, घर का हाल पूछ रहा है," त्या म्हणाल्या. "अरे उस्तादजी, आज आपने चखा नहीं? आप तो हर तेल चखके डालते हैं."

"इसे क्या चखना मैडम, सील-बंद है."

"आपकी ज़ुबान से बड़ी कौन-सी सील? मैं तो उसी के भरोसे आती हूँ."

टेम्पोवाला ओरडला, "चख लो उस्ताद! विलायती है, नसीब कहाँ!" पोरं हसली. उस्तादांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, हिशेब होता. मग त्यांनी बोट बुडवलं, अंगठ्यावर घासलं, हुंगलं, आणि जिभेला लावलं. तोंड मिटलं. एरवी लगेच थुंकायचे. आज थुंकता येईना, कारण थुंकी काय रंगाची पडेल ते त्यांना ठाऊक होतं. गालाच्या आत काहीतरी हललं, गळ्याची घाटी वर गेली, खाली आली. त्यांनी ते गिळलं. त्या कढईतलं, माशांचं, थोटकांचं, मी फडक्यातून पिळून काढलेलं. आणि मग हसले.

"एकदम असली, मैडम."

दात, हिरड्या, जीभ, सगळं पोपटी. मिशीच्या पांढऱ्या केसांना हिरवा थेंब.

"उस्ताद, होली खेल के मुँह नहीं धोया?" टेम्पोवाला म्हणाला आणि हशा पिकला. चहावालासुद्धा हसला. मला हसू आलं नाही. माझ्यासाठी दवाखान्याच्या बाकावर बसलेला माणूस एका खोट्यासाठी माझ्यासमोर ते गिळत होता, आणि गिळूनही खोटंच बोलत होता. आयुष्यात नंतर मी पुष्कळ घाण पाहिली, गटारात पडलेल्या गाड्या उपसल्या, पण तसलं मळमळणं पुन्हा झालं नाही.

बाईंचा आवाज अगदी शांत होता. "रहने दीजिए उस्तादजी. गाड़ी मैं ऐसे ही ले जाऊँगी." मग मला, "चालेल का रे?"

"चालेल. पण चाक फार जड. आणि स्टिअरिंगच्या पंपाचा पट्टा काढावा लागेल, नाहीतर कोरडा पंप जळेल."

"काढ."

मी वाकून पट्टा काढला. कोणी अडवलं नाही. उस्ताद नळावर चुळा भरत होते, मोरीतून हिरवं पाणी वाहत होतं. मी उभा राहिलो तेव्हा ते तोंड पुसत माझ्यापुढे आले. "जर्सी उतार," एवढंच म्हणाले. बेटा नाही, मराठे नाही. मी डोक्यावरून जर्सी ओढली. तोंडावरून जाताना तिचा तो वास शेवटचा नाकात भरला. लोकर, तेल, दोन हिवाळ्यांचा घाम. नीट घडी घालून बाकावर ठेवली. फेकावी असं वाटलं होतं, पण ती त्यांच्या बायकोने विणलेली होती.

"बस गाडीत," बाई म्हणाल्या.

"बाई, कपडे तेलकट आहेत माझे."

"असू देत. मला तुझा हात पाहिजे."

मी उजव्या बाजूला बसलो, जिथे आपल्याकडे ड्रायव्हर बसतो. बाईंनी पदर खोचला. "मी 'खाली' म्हटलं की ओढायचं, 'वर' म्हटलं की ढकलायचं. आणि घाई करायची नाही." अशी आमची वरात निघाली. त्यांचा उजवा हात गिअरवर गेला की माझा डावा चाकावर. जड म्हणजे किती जड. जात्यात ओला भात घालून ओढावं तसं. मुनिरक्यातून बाहेर पडून रस्त्याला लागेपर्यंत आम्ही दोघं घामाने निथळलो. सिग्नलला एक स्कूटरवाला शेजारी थांबला, बनियनमधल्या मला ड्रायव्हरच्या जागी बघितलं, समोर चाकच नाही हे बघितलं आणि म्हणाला, "ओए, तेरा स्टिअरिंग किधर गया?" बाई हसल्या. मग मलाही हसू फुटलं, आणि ते थांबेना.

"काढलं ना तुला?" थोड्या वेळाने त्यांनी विचारलं.

"हो."

"घाबरलास?"

"हो."

"मी पण. वर! वर, वर, वर... हां. सोड."

घरापाशी आलो तेव्हा अक्का गॅलरीत होती. बाई माझ्याबरोबर वर आल्या, धापा टाकत, आणि दाजींसमोर खुर्चीत बसून पाणी मागितलं. दाजींनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "जर्सी कुठाय?" "परत दिली." ते पुढे काही बोलणार तेवढ्यात बाईंनी आपला डावा हात उजव्याने उचलून मांडीवर ठेवला, रोज ठेवायच्या तसाच, आणि म्हणाल्या, "आज हा बाळू मला घेऊन आला." दाजी त्या हाताकडे बघत राहिले आणि उठून आत गेले. नंतर कितीतरी दिवस माझ्याशी नीट बोलले नाहीत. पण गावी पाठवायचा विषय त्या घरात पुन्हा निघाला नाही. अक्काने ताट वाढलं ते आत, दाजींच्या ताटाशेजारी. मी चमचा शोधायला लागलो तर म्हणाली, "हाताने जेव." वास होताच हाताला. मी जेवलो.

गाडी घेतली त्या वकिलातीतल्या गाड्यांच्या शेडमध्ये बाईंची ओळख होती; उस्तादांनी शब्द दिला म्हणून आधी तिथे विचारलं नव्हतं. तिथल्या एका म्हाताऱ्या ड्रायव्हरने त्यांना हिरव्या तेलाचा डबा मिळवून दिला, आणि काही दिवसांनी त्याच शेडमध्ये मला गाड्या धुण्याचं काम लागलं. पुढे तिथेच मी घडलो. पण आधी तो डबा. क्वार्टरच्या अंगणात, कडुलिंबाखाली, पिंकी आणि मिश्राइनची पोरं भोवती गोळा करून मी तो उघडला. हलवला नाही. एका काचेच्या ग्लासात थोडं काढून उन्हात धरलं. हिरवं, पातळ, आरपार. ग्लासामागचं माझं बोट त्यातून दिसत होतं. उस्तादांसारखं बोट बुडवलं, आणि तिथेच थांबलो. जिभेला लावायची गरज नव्हती.

पट्टा बसवला, टाकी भरली, गाडी सुरू केली. हवा निघेपर्यंत चाक या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश फिरवत राहावं लागतं. पंप आधी कण्हतो, फेस येतो, मग हळूहळू आवाज बसतो. बाई चाकामागे होत्या. उजवा हात त्यांनी मुद्दाम मांडीवर ठेवला होता. पंपाचं कण्हणं थांबलं, आणि वाळलेल्या डाव्या हाताच्या एका बोटाने त्यांनी चाक पूर्ण उजवीकडे नेलं, मग पूर्ण डावीकडे, मग पुन्हा उजवीकडे. गाडी जागेवरच उभी होती. पुढची चाकं तेवढी धुळीत वळत होती, आणि बाई थांबत नव्हत्या.